लोखंड सांधणारे हात

२०२२ सालच्या जानेवारी महिन्यात दोन वार्ता काही दिवसांच्या अंतराने वाचावयास मिळाल्या. अण्णिगेरीचे अब्दुल खादर नडकट्टिन यांना पद्मश्री जाहीर झाली. आणि सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांना उद्योगपती आनंद महिंद्र यांनी देऊ केलेली नवीकोरी बोलेरो गाडी मिळाली. अण्णिगेरी आपल्याच धारवाड जिल्ह्यातले, कन्नडचा आदिकवी पंप याचे गाव. देवराष्ट्रे ही यशवंतराव चव्हाणांची जन्मभूमी. अशा गावांतून या वेळी लोखंडकाम करणाऱ्यांची नावे पुढे आली, याचे मला विशेष अप्रूप वाटले.

लोहार यांचे शिक्षण बेताचे, व्यवसाय गावातल्या छोट्या वर्कशॉपचा. मुलाची गाडीची हौस पुरी करावी म्हणून त्यांनी भंगारातले भाग जमवून, सुमारे ६० हजार रुपये खर्चून चारचाकी उभी केली. मोटारसायकलीप्रमाणे किक मारून ती सुरू होई! डिसेंबर २०२१ मध्ये महिंद्रांनी तिचे चित्रण पाहिले. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, तेव्हा तिच्या बदल्यात आमची बोलेरो घ्या, असे त्यांनी जाहीरपणे कळविले. नियमांची बाजू खोटी नव्हे. रस्त्यावर इतरांचीही मुले चालतात. व्यवहार उदार झाला, हेही खरे. परंतु बहुतेक बातम्यांत 'जुगाड' हा शब्द मोठ्या कौतुकाने छापला होता, तो मला खटकला. त्या एका शब्दाने माणसाची वर्षानुवर्षांची विद्या एका युक्तीच्या किमतीला उतरते.

ही विद्या काय असते, हे नवलगुंदाकडच्या रस्त्यावर पेरणीच्या दिवसांत कोणत्याही वेल्डरच्या दुकानापुढे घटकाभर उभे राहिले तरी दिसते. वेल्डिंग म्हणजे दोन तुकडे डागून चिकटविणे, असा आपल्यासारख्या पांढरपेशांचा समज. प्रत्यक्षात विजेच्या ठिणगीने दोन्ही कडा वितळून एकजीव व्हाव्या लागतात. रॉडवरचे आवरण जळून त्याचा वायू वितळलेल्या लोखंडाला हवेपासून जपतो, आणि वर जे कीट धरते ते ठोकून काढल्यावरच सांधा कसा झाला ते कळते. रॉड दमट असेल तर आत छिद्रे राहतात. करंट जास्त झाला तर पातळ पत्र्याला भोक पडते, कमी झाला तर धातू नुसता वर बसतो आणि पहिल्याच हिसक्याला सुटतो. बिडाची तर तऱ्हाच न्यारी. ते आधी तापवून, सांधून, मग राखेत हळूहळू निवू द्यावे लागते. घाई केली की शेजारीच नवी चीर! आणि काच न धरता ज्योतीकडे पाहिले तर रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. यातले पुष्कळसे कारागीर आवाजावरून आणि रंगावरून ओळखतो.

तेवढ्यात काळ्या जमिनीची ओल उडत असते. कुरीचा दांडा मोडलेला शेतकरी उंबऱ्याशी बसून असतो, आणि त्याचे साल त्या एका सांध्यावर अवलंबून असते. बी आणि खत एकदम पेरणारे यंत्र नडकट्टिनांनी केले, ते अशाच गरजेतून. चिंचेतून चिंचोका वेगळा काढण्याचे यंत्रही त्यांचेच. कोरडवाहू रानात चिंच लावून तिच्यापायी इतके कष्ट उपसणारा माणूस लोकांच्या थट्टेचा विषय होई. 'हुणसे हुच्च', म्हणजे चिंचेचा वेडा, असे लोक त्यांना म्हणत. अशा प्रयोगांची झळ घरालाही लागते. यंत्र फसले की बुडालेला पैसा संसाराचाच असतो, आणि पद्मश्री घरी येण्याआधीची कर्जे घरातील बायामाणसांनीच सोसलेली असतात. सत्काराच्या छायाचित्रात ती सहसा दिसत नाहीत.

आता आपल्या घरांकडे वळतो. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतून मुलगा गणितात कच्चा निघाला की 'मग काय, घाल आय. टी. आय.ला' असे सुस्कारा टाकून म्हणतात. जणू वर्तुळ, कोन आणि माप तिथे लागतच नाहीत! शाळेत माझ्यापुढे बसलेल्या पालकांकडून हे मी अनेकदा ऐकले आहे, बापाला लागून मुलगा बसलेला असताना. त्याची मान त्या क्षणी खाली जाते. पुढे लग्नाच्या गोष्टीत याच मुलाचा कामधंदा विचारला की मध्यस्थ 'स्वतःचा व्यवसाय आहे' एवढेच पुटपुटतात. वेल्डिंग हा शब्द टाळला जातो. मुलीच्या वडिलांनी पुढचा प्रश्न जरूर विचारावा. पण तो कायम नोकरीचा नको. त्यांनी एखाद्या सकाळी दुकानापाशी जावे, किती शेतकरी खोळंबून बसले आहेत ते मोजावे, आणि त्यांतले किती जण गेल्या वर्षीही इथेच आले होते ते विचारावे.