आत्मा एकीचा, देह दुसरीचा?

वऱ्हाडात लता-आशाचा वाद निघाला की त्याचा निकाल आधीच लागलेला असतो. ‘लता म्हंजे आत्मा, न् आशा म्हंजे देह’ हे वाक्य अमरावतीच्या पानठेल्यावर ऐकू येतं. अकोल्यातल्या ऑर्केस्ट्राचा निवेदक तेच जरा नटवून म्हणतो आणि टाळ्या घेतो. एकीला हात जोडायचे, दुसरीवर जीव टाकायचा, आणि दोघींचा मान राखला असं समजून घरी जायचं. ही वाटणी मला मान्य नाही. तिच्यात दोघींचाही अपमान आहे आणि मुख्य म्हणजे ती खोटी आहे. तिचं खंडन करायला मुंबई गाठावी लागत नाही. पुरावा अमरावतीच्याच माणसाने लिहून ठेवला आहे.

हा माणूस म्हणजे कवी सुरेश भट. त्यांचा जन्म १५ एप्रिल १९३२ चा, अमरावतीचा. ‘रूपगंधा’ हा कवितासंग्रह १९६१ साली आला, ‘रंग माझा वेगळा’ १९७४ साली, ‘एल्गार’ १९८३ साली. त्यांच्या शब्दांना हृदयनाथ मंगेशकरांनी चाली लावल्या आणि त्या दोन्ही बहिणींकडून गाऊन घेतल्या. तुलना करणाऱ्याला याहून चोख सोय कुठे मिळणार? कवी एक, संगीतकार एक, तोही दोघींचा सख्खा भाऊ, आणि भाषा घरातली. हिंदी सिनेमात तुलना करायला बसलं की पडद्यावरची नटी, प्रसंग, निर्मात्याचा हट्ट, संगीतकाराची मर्जी असे शंभर घटक मध्ये येतात. ओ. पी. नय्यरांनी तर लताबाईंकडून एकही गाणं गाऊन घेतलं नाही. मग त्यांच्या गाण्यांवरून लताबाईंना काय जमतं आणि काय नाही, हे कसं ठरवणार? भटांच्या गाण्यांत यातलं बरंच वजा होतं.

आता वाटणीवाल्यांनी एवढंच सांगावं, की ‘मालवून टाक दीप’ कोणी गायलं? दिवा विझवायला सांगणारं, अंगाअंगात जाग आणायला लावणारं ते गाणं. देहाची बाजू आशाबाईंकडे असती तर ते त्यांच्या वाट्याला यायला हवं होतं. गायलं लताबाईंनी. आणि ‘सिंहासन’मधलं ‘उषःकाल होता होता’? त्यात कुठे शृंगार आहे? १९७९ च्या त्या चित्रपटात राजकारणाने नासवलेल्या पहाटेचं ते गाणं आशाबाईंच्या गळ्यातून आलं, आणि आजही मोर्चात, धरण्यात कोणीतरी ते उचलतंच. म्हणजे देहाचं गाणं ‘आत्म्या’ने गायलं आणि समाजाच्या अंतःकरणाचं गाणं ‘देहा’ने. आता वाटणी कुठे राहिली?

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. शब्द देहाचे असले तरी लताबाई गायल्या की ते सोवळे होतात म्हणे. मला हे उत्तर सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते स्तुतीच्या वेषात येतं. ‘मालवून टाक दीप’ पुन्हा कान देऊन ऐका. त्यात सोवळं काही नाही. लाज नाही, लाडिकपणाही नाही. जे मागायचं आहे ते एक बाई शांतपणे मागते. बाईने इच्छा शांतपणे बोलून दाखवली की आपल्याला ती पवित्र वाटू लागते आणि ठसक्यात बोलली की चावट. हा दोष आपल्या कानांचा. त्यासाठी गळ्यांना कशाला ओढता?

मग फरक नाहीच का? आहे, आणि तो चांगला ढळढळीत आहे. आशाबाई गातात तेव्हा समोर कोणीतरी बसलेलं असतं. लताबाई गातात तेव्हा समोर कोणी नसतं.

‘तरुण आहे रात्र अजुनी’ घ्या. या गझलेचा रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी फिरून येणारे शब्द, ‘का रे’ आहे, म्हणून प्रत्येक शेर प्रश्नावर येऊन थांबतो. चाल फिरून त्याच जागी येते, शब्द तेच, आणि तरी आशाबाईंचा एक ‘का रे’ दुसऱ्यासारखा नाही. कुठे तो जवळ ओढतो, कुठे त्यात रुसवा असतो, आणि मग एका ठिकाणी त्यातला लाड संपतो आणि नुसता प्रश्न उरतो. कूस बदलून निजलेल्या माणसाशी ही बाई बोलते आहे, आणि तो उत्तर देत नाही हे आपल्याला तिच्या आवाजावरून कळतं.

आता जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मधली (१९८२) ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ ऐका. इथे रदीफ ‘आहे’. प्रश्न नाही, विधान आहे. पडद्यावर स्मिता पाटील आहे, पण गाणाऱ्या बाईच्या समोर कोणीही नाही. लताबाई तो ‘आहे’ जवळजवळ सारख्याच वजनाने ठेवतात. शेरामागून शेर येतात, आवाज हलत नाही, आणि न हलल्यामुळेच ते एकटेपण अंगावर येतं. याच ‘आहे’ला आशाबाईंसारखे रंग दिले असते तर ती मैफल सुनी राहिली नसती. कोणता रदीफ कोणत्या बहिणीकडे द्यायचा, हे भावाला बरोबर कळलं होतं.

एवढं म्हटल्यावर बाजू घेणंही आलं. गझल मुळात समोर बसलेल्या माणसाला उद्देशून म्हणायची चीज आहे. भट स्वतः ती तरन्नुममध्ये, म्हणजे सुरात, श्रोत्याच्या डोळ्यात बघून म्हणत. म्हणून भटांच्या गझलेसाठी मी आशाबाईंना उजवं मानतो. मैफल रिकामी झाल्याची गझल मात्र लताबाईंचीच. कोणाला हा निकाल पटणार नाही. हरकत नाही, पण भांडायचं तर या मुद्द्यावर भांडा.

आशाबाईंच्या पक्षातलेही काही कमी नाहीत. त्यांचं म्हणणं, आशा अष्टपैलू, लता एका पट्टीत अडकलेली. पट्टीचं बोलायचं तर खय्यामांनी ‘उमराव जान’साठी (१९८१) आशाबाईंची नेहमीची पट्टी खाली आणली आणि त्याच बाईचा वेगळाच आवाज निघाला. याचा अर्थ उंच पट्टी हा गळ्याचा स्वभाव कमी आणि संगीतकारांची सवय जास्त. लताबाईंना वर वर नेत राहिले ते संगीतकारच, आणि दोष द्यायचा तो गाणारीला? आकड्यांबद्दल तर बोलूच नये. १९७४ साली गिनीज बुकात लताबाईंच्या नावावर पंचवीस हजार गाणी लागली, त्यावर मोहम्मद रफींनी आक्षेप घेतला. २०११ साली आशाबाईंच्या नावावर अकरा हजारांची नोंद झाली. कापसाच्या गाठी मोजाव्यात तशी गाणी मोजून काय ठरणार?

आत्मा आणि देह यांच्यात भिंत घालणाऱ्यांना दूरचा एक दाखला देतो. अमेरिकेत ज्या गाण्याला ‘सोल’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या नावातच आत्मा आहे, ते जन्मलं चर्चमधली भजनाची गायकी उचलून प्रेमाच्या शब्दांना लावल्याने. धर्मभीरू लोक तिथेही चिडले. डेट्रॉइटच्या एका धर्मोपदेशकाची मुलगी अरेथा फ्रँकलिन १९६७ साली ‘रिस्पेक्ट’ गायली, आणि १९७२ साली लॉस एंजेलिसच्या चर्चमध्ये उभी राहून तिने भक्तिगीतांची अख्खी तबकडी केली. गळा तोच. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे अंध संत गुलाबराव महाराज स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत आणि कृष्णपत्नी म्हणून कुंकू, मंगळसूत्र धारण करत. ज्या मातीत मधुराभक्ती एवढी सरळ नांदली, त्या मातीतल्या माणसाने तरी शृंगाराला आत्म्याबाहेर काढू नये.

राहिला वारशाचा प्रश्न. ‘यांच्यानंतर कोणी नाही’ हे पालुपद मला आळशी वाटतं. अकोल्याच्या विठ्ठल वाघांची ‘तिफन’ अनुराधा पौडवाल आणि सुरेश वाडकरांनी ‘अरे संसार संसार’मध्ये गायली, आणि पेरणीच्या अवजाराचं नाव महाराष्ट्रभर लोकांच्या ओठी गेलं, पण लता-आशाच्या वादात अनुराधाबाईंच्या त्या गाण्याची आठवणही कोणाला होत नाही. आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या खारतळेगावची वैशाली माडे? २००९ साली तिने हिंदी ‘सारेगमप’ जिंकलं आणि २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’त श्रेया घोषालच्या जोडीने गायली. तिच्या आवाजाला माती आहे, आणि ती धुऊन न टाकता ती मुंबईला उभी राहिली.

तिच्यामागून येणाऱ्या पोरींचं मात्र आपण नुकसान करतो आहोत. गावोगावच्या गायन स्पर्धेत मुलगी मंचावर आली की परीक्षक ‘अगदी लतादीदी!’ म्हणून मान डोलावतात आणि हुबेहूब नक्कल करणारीला चषक देतात. शब्द कोणाला उद्देशून आहेत, समोर माणूस आहे की रिकामी खोली, हे तिला कोणी विचारत नाही. भटांच्या नावाने स्पर्धा घेणाऱ्यांनी एक नियम करून बघावा. प्रत्येकीने एक गझल लताबाईंची आणि एक आशाबाईंची गावी, दोन्ही स्वतःच्या पट्टीत, आणि गाण्याआधी रदीफ आपण कसा म्हणणार आहोत हे सांगावं. ज्या मुलीचा ‘का रे’ आशाबाईंसारखा नसेल आणि तरी खरा वाटेल, तिला पहिलं बक्षीस द्यावं, मग परीक्षकांना ते आवडो न आवडो.