बिननात्याचं वऱ्हाड

लग्नपत्रिकेत सगळ्यांना जागा असते. कुलदेवता वरच्या कोपऱ्यात, त्याखाली आजी-आजोबांचे आशीर्वाद, मग काका, मामा, आत्या, मावश्या, व्यवस्थापक, निमंत्रक आणि तळाशी अजून शाळेतही न जाणाऱ्या भाचीच्या तोंडी घातलेलं 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' मित्रांच्या वाट्याला शेवटच्या ओळीतले दोन शब्द येतात, 'समस्त मित्रपरिवार'. विधींतही तीच गत. नवरीला अंतरपाटाशी मामा आणतो, नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो, कलश घेऊन करवली उभी राहते. नवरदेवाबरोबर एका खोलीत वर्षानुवर्षं राहिलेला, त्याच्या पडत्या काळात रात्री अडीचला चहा करून देणारा माणूस मात्र मूठभर अक्षता घेऊन पंख्याखालची खुर्ची शोधत असतो.

म्हणून तो गाडी काढतो.

मे महिन्यातल्या एखाद्या शुक्रवारी रात्री पनवेलच्या पुढे पळस्पे फाट्यावर थांबलं तर कोकणात निघालेलं हे मित्रांचं वऱ्हाड लांबूनही ओळखू येतं. मागच्या खिडकीवरच्या दांडीला इस्त्रीचे तीन-चार कुर्ते टांगलेले असतात आणि प्रत्येक खड्ड्याला ते मागे बसलेल्याच्या तोंडावर आपटतात. डिकीत वर्गणी काढून घेतलेला आहेर, त्यावर बॅगा, बॅगांवर चिवड्याची पिशवी. या आहेराची चर्चा करता यावी म्हणून नवरदेवाला वगळून वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलेला असतो आणि निघण्याच्या दिवशी कोणीतरी हमखास त्यावरचा मजकूर जुन्या ग्रुपवर टाकतो. पाच जणांत रात्रीची गाडी चालवता येणारा एकच. सगळ्यात कमी बोलतो तोच.

कोकणात रेल्वे आहे, मग गाडीची हौस कशाला, असं ज्येष्ठांना वाटतं. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून सलग धावते आहे हे खरंच. पण मे महिन्यात तिचं तिकीट मिळवणं हेच एक कार्य असतं. आगाऊ आरक्षणाची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. ती खिडकी उघडते त्या सकाळी चाकरमानी, पर्यटक आणि लग्नाळू असे सगळेच बोटं सरसावून बसतात. शिवाय मित्रांच्या टोळीत शेवटच्या आठवड्यापर्यंत 'येतो, पण बॉसला विचारून सांगतो' म्हणणारे दोघे असतातच. ६० दिवस आधी त्यांच्या नावाचं तिकीट काढायचं कोणी?

लग्नाला शनिवार-रविवारच का, याचंही कारण नोकरीच. राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तो फेब्रुवारी २०२० मध्ये. खासगी कंपन्यांत तो आधीपासून होता. शहरातल्या पाहुण्याला आता सोमवार ते शुक्रवार लग्न झेपत नाही. पंचांगाला मात्र शनिवार-रविवार ठाऊक नाही. तिथं चातुर्मास बघतात, गुरू-शुक्राचे अस्त बघतात. २०२४ च्या मे-जूनमध्ये दोन्ही ग्रह अस्ताला गेले तेव्हा ऐन हंगामात मुहूर्तांचा दुष्काळ पडला होता. सुट्टीच्या दिवशी मुहूर्त निघाला की त्याच तारखेला गावोगावी मांडव पडतात, कार्यालयं भरतात, केटरर एका वेळी दोन तालुक्यांत जेवणं वाढतो आणि महामार्गावर पुढच्या गाडीतही कुर्तेच टांगलेले दिसतात.

वाशीचा पूल ओलांडेपर्यंत गाडीत एकच वाद चालू असतो : पेणवरून की कोल्हापूरवरून? कोल्हापूरवाले द्रुतगती मार्गाने पुणे, सातारा, कराड करत जातात आणि मग गगनबावडा, फोंडा नाहीतर आंबोलीच्या घाटाने तळकोकणात उतरतात. अंतर वाढतं, पण रस्ता बरा. पेणवाल्यांचं म्हणणं, कोकणात जायला घाटमाथ्यावर कशाला चढायचं? एका वाटेवर कंबर जाते, दुसरीवर टोल. फास्टॅग आल्यापासून टोलनाक्यावर सुट्ट्या पैशांसाठी सगळ्यांचे खिसे चाचपणं संपलं. पैसे गाडीमालकाच्या खात्यातून मुकाट जातात आणि हिशेबाची गोष्ट निघेपर्यंत वर्षश्राद्ध होतं. मित्रांच्या सहलीतला हा नवा अन्याय आहे आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

समजा, पेणवाले जिंकले. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात लागला. त्या वर्षी पहिलीत गेलेलं पोर आज मतदार आहे. वडखळ मागे पडतं, कोलाड जातं आणि माणगावच्या बाजारपेठेत गाड्यांची शेपटी लागते. पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो मिनिटांत. पूर्वी तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडत, ती बुडाली की एक घटिका झाली असं धरत. घटिका म्हणजे २४ मिनिटं. अशा दोन-तीन वाट्या माणगावात आरामात बुडतात. लग्नाच्याच दिवशी पहाटे निघून दुपारचा मुहूर्त गाठू म्हणणारे शूर मित्र इथंच गारद होतात आणि मंगलाष्टकं नवरदेवाच्या चुलतभावाने लावलेल्या व्हिडिओ कॉलवर ऐकतात.

महाडजवळ सावित्रीवरचा पूल येतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला इंग्रजांच्या काळातला जुना पूल पुरात कोसळला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी आणि एक छोटी गाडी त्या अंधारात नदीत गेली. नवा पूल वर्षाच्या आत, पुढच्या जूनमध्ये वाहतुकीला खुला झाला. एवढा पूल वर्षाच्या आत होतो, तर बाकीचा रस्ता का होत नाही, असं गाडीत कोणीतरी विचारतंच. उत्तर शोधायला परतीच्या वाटेवर माणगाव आहेच.

पुढे पोलादपूर आणि खेडच्या मध्ये कशेडी. हा घाट चढून उतरायला पाऊणेक तास लागायचा आणि मागच्या सीटवरच्या एकाला तरी लिंबू हुंगावं लागायचं. २०२३ च्या गणपतीआधी सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या बोगद्याची एक बाजू सुरू झाली, आणि उलटी यायच्या आत घाट संपू लागला. चिपळूण, संगमेश्वर, हातखंब्याचा तिठा, लांजा, राजापूर. कुठेतरी उजाडतं. खारेपाटण ओलांडून सिंधुदुर्गात शिरलं की चौपदरी रस्ता सुरू होतो. झोपलेले उठतात आणि 'मी चालवू का?' म्हणून विचारतात. चालवणारा काही बोलत नाही.

महामार्ग सोडल्यावर नकाशाची मात्रा चालत नाही. फोनमध्ये गाव सापडतं, वाडी सापडत नाही. 'खयपर्यंत इलात?' हा फोन तोवर चार वेळा येऊन गेलेला असतो, दरवेळी वेगळ्या काकांचा. 'रवळनाथाच्या देवळाकडसून उजव्या हाताक वळा' एवढ्या पत्त्यावर गाडी चिऱ्याच्या गडग्यांमधून, आरशांना दोन्ही बाजूंनी ओरखडे वाचवत, अंगणासमोर येऊन थांबते. पाहुणे उतरतात, हात-पाय धुतात, चहा घेतात. कपबशी खाली ठेवेपर्यंत एक बनियनमधले गृहस्थ गाडीभोवती एक फेरी मारून आलेले असतात.

'गाडी तुमची मां? मगे जरा बाजारात जावन येवया.'

इथून मित्राच्या आयुष्याला अर्थ येतो. लग्नघरात माणसं खूप असतात. तुटवडा असतो तो चाकांचा. दुचाकीवर केळीचे खुंट आणता येत नाहीत, बर्फाच्या लाद्या तर मुळीच नाहीत. टेम्पो मंडपवाल्याकडे अडकलेला, रिक्षावाला स्वतः नात्यातला निघाल्यामुळे सदरा घालून पंगतीच्या तयारीत. मग ही मुंबईची गाडी निघते. पहिल्या फेरीत नारळांची पोती आणि फुलांच्या करंड्या. दुसरीत स्टेशनवर उतरलेल्या, अर्धा तास फलाटावर बसून चिडलेल्या आत्या. तिसरीत गुरुजी, ज्यांचं त्या दिवसात आणखी एक कार्य आहे आणि जे दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतात. चौथ्या फेरीत नवरदेवाची ऐंशी ओलांडलेली आजी, जिला पुढच्या सीटवर बसायचं आहे, एसी नको आहे आणि वाटेत बहिणीच्या घरी 'फक्त दोन मिनिटं' उतरायचं आहे. काल रात्री ज्या सीटवर चिवडा सांडला होता, तिच्यावर संध्याकाळपर्यंत अर्धं गोत बसून गेलेलं असतं.

आणि एक बदल होतो. सकाळी 'तो मुंबईचा कोणतरी' असलेला माणूस संध्याकाळी 'पांढऱ्या गाडीवालो' झालेला असतो. स्वयंपाकाच्या मांडवातून हाक येते, 'पांढऱ्या गाडीवालो जेवलो काय रे?' मामाला मामा म्हणून जो मान जन्माने मिळतो, तो याने डिझेल जाळून मिळवलेला असतो.

हळदीच्या संध्याकाळी मित्रांचा आवाज वाढतो. नवरदेवाला हळद लावायचा पहिला मान सवाष्णींचा, तो पार पडला की टोळी तुटून पडते. कान, मान, चष्मा, काही सुटत नाही. त्याच हातांनी मग कोणीतरी गाडीचं दार उघडतं, फोनचा चार्जर काढतं, सीटला टेकतं. सीट कव्हरवर उठलेले पाच पिवळे बोटांचे ठसे साबणाने जात नाहीत. घरातल्या बायका त्यावर उपाय सांगतात तो बरोबर असतो : कव्हर उन्हात टाका. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, दोन-चार दिवसांच्या कडक उन्हात उडून जातो. रात्रीचं जेवण घराघराच्या रीतीचं. कुठे वडे-सागोती, कुठे देवक बसलंय म्हणून शाकाहारीच. 'सागोती मिळंल या आशेवर साडेचारशे किलोमीटर आलो' हे वाक्य मोठ्याने बोलायचं नसतं.

लग्नाच्या दिवशी मित्रांचं काम पुन्हा थोडं होतं. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'नंतर मराठी मांडवातही जोडे पळवणं रुजलं, त्यामुळे नवरदेवाच्या जोड्यांवर पहारा ही एक नेमणूक त्यांना मिळते. ती ते इतक्या गंभीरपणे करतात की जोडे शेवटी कोणालाच सापडत नाहीत. अक्षता पडतात. पंगतीत काजूची उसळ येते, जिलेबी येते, सोलकढी दोनदा मागितली जाते. मग स्टेजवरून फोटोग्राफर ओरडतो, 'मित्रमंडळी, पटकन या!' रात्रभराचा प्रवास करून आलेल्यांच्या वाट्याला नवरा-नवरीच्या शेजारी मिनिटभरही येत नाही, कारण मागे पाकिटं घेतलेल्यांची रांग असते. अल्बममध्ये शोधायला गेलं तर ही टोळी एका फोटोत सापडते, त्यातही दोघांचे डोळे मिटलेले.

एवढ्याचसाठी जायचं असेल तर ऑनलाइन पैसे पाठवून मोकळं होणं बरं. थेट मुहूर्ताला येऊन, जेवून, तासाभरात परत फिरणारा मित्र हा यजमानाच्या हिशेबात एक ताट असतो. आदल्या दिवशी येऊन गाडीची किल्ली लग्नघराच्या खिळ्याला अडकवणारा मित्र कामाचा असतो, आणि त्याचं नाव त्या घरात पुढची वीस वर्षं निघतं. नवरदेवाचे वडील पुढे कधी मुंबईला आले की मुलाची चौकशी करण्याआधी त्या गाडीची करतात.

परतीची डिकी जाताना होती त्याहून भरलेली असते : सोलं, ओले काजू, आंब्याची पेटी आणि नको नको म्हणतानाही कोणीतरी आत लोटलेला अख्खा फणस. बंद काचांच्या एसी गाडीत पिकलेल्या फणसाबरोबर साडेचारशे किलोमीटर काढणं ही मैत्रीची परीक्षा आहे. पण खरी अडचण फणसाची नाही. रविवारी संध्याकाळी निघायची घाई असते, कारण सोमवारी दहाला मीटिंग आहे; आणि स्टिअरिंगवर बसलेला माणूस शुक्रवारी रात्रभर जागलेला, शनिवारी दिवसभर फेऱ्या मारलेला आणि हळदीनंतर पहाटेपर्यंत गप्पा झोडलेला असतो. बाकीचे चौघे पहिल्या अर्ध्या तासात घोरू लागतात, मागचे तर पट्टाही न लावता. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर काही दिवस सगळ्यांनी मागचे पट्टे शोधले. ते पुन्हा सीटच्या फटीत गेले आहेत.

तेव्हा या हंगामात मित्राची पत्रिका आली की तारीख बघून त्याच दिवशी सोमवारची रजा टाका. रविवारी रात्री लग्नघरातच झोपा. मांडव उतरवायला माणसं लागतातच. सोमवारी सकाळी पेज खाऊन, उजेडात निघा. आणि टोलचे पैसे गाडीवाल्याला पनवेल यायच्या आत देऊन टाका.