नमाजचे वेळापत्रक आणि कॅमेऱ्याचा उजेड

हैदराबादहून परतल्यावर भाचीने मोबाईल माझ्यापुढे धरला. "मामू, चारमिनार असा फिका का आला?" आभाळ पांढरेफटक, मिनारांवरची चुन्याची नक्षी पुसल्यासारखी. किती वाजता काढलास, असे विचारले. म्हणाली, "जोहरच्या थोडे आधी." तेव्हाच कळले, मोबाईलचा काही दोष नाही.

फोटोसाठी उजेड कधी चांगला, याचा तक्ता आपल्या बहुतेक घरांत भिंतीवर टांगलेला असतो. नमाजच्या वेळा सूर्यावरूनच ठरतात, आणि फोटोही सूर्यावरच अवलंबून. जवालच्या सुमारास सूर्य सर्वांत उंच असतो. मे महिन्याच्या मध्याला आपल्या हिंगोलीत तर तो अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच विरते. दगडावरची नक्षी डोळ्यांना दिसते ती सावलीमुळे. औंढा नागनाथच्या मंदिराच्या कोरीव भिंती भर दुपारी पाहा आणि ऊन तिरपे झाल्यावर पुन्हा पाहा, म्हणजे फरक समजेल.

हनफी मसलकानुसार वस्तूची सावली, जवालच्या वेळची मूळ सावली सोडून, तिच्या उंचीच्या दुप्पट झाली की असरची वेळ सुरू होते. म्हणजे ऊन चांगलेच कलंडलेले असते. असर पढून बाहेर पडावे आणि ऊन अंगावर घेतलेली भिंत शोधावी. (कोकणातल्या आपल्या शाफई भावंडांची असर एकपट सावलीलाच होते. त्यांनी चहा पिऊन निघाले तरी चालेल.)

पाण्यासाठी मात्र फजरनंतरची वेळ. सूर्य उगवायच्या आधी उजेड सगळीकडे सारखा पसरलेला असतो, आणि वारा बहुधा पडलेला असल्याने पाणी आरशासारखे असते. गावाजवळची कयाधू असो, पूर्णेवरचे सिद्धेश्वर असो की पैनगंगेवरचे इसापूर, या वेळी तिथे फारसे कोणी नसते. धरणाच्या भिंतीवर मनाई असेल तर मोबाईल खिशातच राहू द्यावा, आणि सेल्फीसाठी काठावर उतरू नये.

मगरिबनंतरची शफकची लाली ओसरू लागली की दहा-पंधरा मिनिटे आभाळ गडद निळे होते आणि मशिदीचे, दुकानांचे दिवे लागलेले असतात. दोन्ही उजेड सारखेच दिसतात. हात हलला तर फोटो धूसर येतो, म्हणून मोबाईल कट्ट्यावर टेकवावा.

काही घरांत अब्बाजान फोटोचे नाव काढले की नाराज होतात. सजीवांच्या तसवीरीबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, पण इमारत, झाड, नदी यांच्या चित्राला हरकत घेतली जात नाही. तेव्हा हा छंद त्या घरांतही चालावा. कोणाच्या ओसरीवर स्त्रिया बसलेल्या असतील तर विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नये, हे वेगळे सांगायला नको.

१९४८ पर्यंत आपला हा भाग निजामच्या राज्यात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी आपले छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला होता. अवजड कॅमेरे आणि काचेच्या प्लेटा वाहून नेत त्यांनी हैदराबादचे महाल टिपले, वेरूळही टिपले. म्हणून ते महाल तेव्हा कसे होते, हे आज सांगता येते. आमच्या मोहल्ल्यातल्या घरांकडे मुसव्विर जंग कुठून यायचे?

नानीचे घर पाडून आता तिथे दुकानांचे गाळे झाले. त्या घराचा फोटो म्हणावा असा एकच आहे, थोरल्या मामूंच्या निकाहचा. मागे सागवानी दरवाजा आहे, पण मधोमध दूल्हा उभा. डावी चौकट दिसते, कमान सेहऱ्याआड गेली. कमानीवर काहीतरी कोरलेले होते, एवढे अम्मीला आठवते. तारीख असावी की आयत, यावरून ती आणि खालाजान अजून वाद घालतात.

तशाच लाकडी दरवाजाचे एक घर गल्लीत उरले आहे, तेही पाडायचे ठरले आहे. भाचीला म्हटले, फोटो काढशील त्यासोबत गाव, मोहल्ला आणि तारीख लिहून ठेव. दरवाजाचे तोंड पश्चिमेला आहे, म्हणून येत्या जुम्याला असरनंतर जायचे ठरले. घरमालकांना विचारून झाले आहे. ते म्हणाले, या, पण लवकर या.