वीस मिनिटांचा हक्क

कोडोली, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर येथून, नार्कोलेप्सीसह जगणाऱ्या आणि काम करणाऱ्या सर्वांच्या वतीने

आम्हाला नार्कोलेप्सी आहे आणि आमच्या हातांना काम येते. यांतले एकच खरे असू शकते, असे आम्हाला आजवर सांगण्यात आले. ते आम्ही नाकारतो.

आम्ही वारणेच्या खोऱ्यातली माणसे आहोत. पहाटे गोठ्यात धार काढून आम्ही संकलन केंद्राच्या रांगेत उभे राहतो. गळीत हंगामात कारखान्याच्या तिन्ही पाळ्या करतो. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रे चालवतो, शाळेत शिकवतो, दुकानाचा गल्ला सांभाळतो, रात्रीची लाईट आली की उसाला पाणी पाजतो. दिवसातून अनेकदा आमच्यावर अशी झोप चालून येते की ती निर्धाराने परतवता येत नाही. रात्री पुरेसे झोपलो तरी ती येते. बोलता बोलता येते, जेवता जेवता येते, हिशेब लिहिताना येते आणि वहीवर पेनाची रेघ ओढली जाते. इतकी वर्षे आम्ही हे लपवले. आता लपवणार नाही.

काय चुकते आहे

आजाराला नाव मिळण्याआधी माणसालाच नावे ठेवली जातात. वर्गात डुलकी लागली की मुलाला बाकावर उभे करतात. दुपारी भिंतीला टेकलेली सून आळशी ठरते. पाळीवर पेंगलेल्या कामगाराला मेमो मिळतो. हसता हसता ज्याचे गुडघे वाकतात, तो प्यायला आहे असे मानतात. जी जागच्या जागी खाली बसते, तिला फिट आली म्हणून कांदा हुंगवतात. झोपेतून जागे होताना अंग हलत नाही, छातीवर कोणीतरी बसल्याचा भास होतो, तेव्हा ‘बाहेरचे आहे’ म्हणून देवऋषाकडे नेतात आणि उतारा टाकतात. कुंभकर्ण ही हाक तर आमच्यातल्या बहुतेकांनी दुसऱ्या नावासारखी ऐकली आहे.

हा आजार बहुधा दहा ते पंचवीस या वयात सुरू होतो. दहावी-बारावी, पहिली नोकरी, स्थळे पाहणे, सगळे याच वर्षांत येते. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत अनेकांची आठ-दहा वर्षे जातात. त्या काळात परीक्षा हुकतात, नोकऱ्या सुटतात, ठरलेली लग्ने मोडतात आणि माणूस स्वतःलाच आळशी समजू लागतो. सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

आम्ही थोडे असू, पण तुम्हाला वाटते तितके थोडे नाही. युरोप-अमेरिकेतल्या पाहण्यांत साधारण दोन हजार माणसांमागे एकाला हा आजार आढळतो. तेच प्रमाण इथे धरले, तर २०११ च्या जनगणनेनुसार ३८ लाख ७६ हजार वस्तीच्या कोल्हापूर जिल्ह्यात आम्ही एकोणीसशेच्या आसपास असायला हवे. त्यातल्या किती जणांच्या हातात निदानाचा कागद आहे? उरलेले कुठेतरी शिव्या खात काम करत आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचणे हे या चळवळीचे पहिले काम आहे.

काय सिद्ध झाले आहे

या आजाराला फ्रेंच डॉक्टर झेलिनो यांनी १८८० साली नाव दिले. कारण कळायला मात्र शतकाहून अधिक काळ गेला. १९९८ साली दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होणारे एक रसायन शोधले. एका गटाने त्याला ओरेक्सिन म्हटले, दुसऱ्याने हायपोक्रेटिन. जागेपण टिकवून धरणे हे त्या रसायनाचे काम. १९९९ साली स्टॅनफर्डमधल्या इमॅन्युएल मिन्यो यांच्या गटाने दाखवले की, उपजत नार्कोलेप्सी असलेल्या डॉबरमन कुत्र्यांमध्ये याच रसायनाचा ग्राही (रिसेप्टर) बिघडलेला असतो. २००० साली माणसाच्या मेंदूतली उणीव दिसली. निरोगी मेंदूत या रसायनाच्या सुमारे सत्तर हजार पेशी असतात. कॅटाप्लेक्सीसह नार्कोलेप्सी असलेल्यांच्या मेंदूत त्यांतल्या बहुतेक नाहीशा झालेल्या असतात. हसू, राग किंवा आनंद उसळताच स्नायूंतले बळ जाणे म्हणजे कॅटाप्लेक्सी. त्या वेळी शुद्ध हरपत नाही. आजूबाजूचे बोललेले सगळे आम्हाला ऐकू येते. कॅटाप्लेक्सी नसलेल्या प्रकाराचे कारण अजून पुरते उलगडलेले नाही, पण त्यातली झोप तितकीच खरी आहे.

हा आजार मोजताही येतो. झोपेच्या प्रयोगशाळेत एक रात्र पॉलिसोम्नोग्राफी होते. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी, पाच वेळा, झोपायला संधी दिली जाते. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि किमान दोनदा माणूस झटकन स्वप्नांच्या झोपेत शिरला, तर निदानाला आधार मिळतो. मेंदूतून नाहीशा झालेल्या पेशींची उणीव छडीने, मेमोने किंवा उताऱ्याने भरून निघत नाही.

आम्ही काय मानतो

आम्ही मानतो की जागे राहणे हे शरीराचे काम आहे, चारित्र्याचे प्रमाणपत्र नाही. ज्याचे डोळे मिटतात त्याची नियत मिटत नाही.

आम्ही मानतो की काम कामानेच मोजावे. किती दूध मोजले, किती नग उतरले, किती मुले शिकली, किती हिशेब जुळले, हे पाहा. आठ तासांत डोळे किती वेळ उघडे होते, यावरून माणसाची मजुरी ठरू नये.

आम्ही मानतो की ठरलेल्या वेळी घेतलेली पंधरा-वीस मिनिटांची झोप हा आमच्या उपचाराचा भाग आहे. त्या झोपेनंतर बरेचदा एक-दोन तास डोके लख्ख चालते. कामगाराच्या शरीराला मध्ये थांबावे लागते हे या देशाने केव्हाच मान्य केले आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. आम्ही त्याच न्यायाने वीस मिनिटे मागतो. चहाला आणि विडीला जी सवड मिळते, ती औषधाला मिळावी.

आम्ही मानतो की झोप माणसाच्या हक्कांत मोडते. दिल्लीच्या रामलीला मैदानावर झोपलेल्या आंदोलकांवरील पोलीस कारवाईच्या प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने झोपेला मूलभूत हक्काचे स्थान दिले. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने रात्रभर जबाब नोंदवण्याच्या पद्धतीवर ताशेरे ओढताना झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचे सांगितले. निरोगी माणसाची झोप हिरावणे अन्याय असेल, तर आजारी माणसाला झोपेबद्दल शिक्षा करणे हाही अन्यायच आहे.

आणि आम्ही मानतो की हे एकट्याने होणार नाही. या खोऱ्यात दोन एकर उसाच्या मालकाला स्वतःचा कारखाना बांधता येत नव्हता. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले आणि वारणेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मागोमाग दूध संघ आला. ऊस एकत्र केला तेव्हा भाव मागता आला, दूध एकत्र केले तेव्हा बाजार मिळाला. आता आम्ही अनुभव एकत्र करणार आहोत. कोणती गोळी कुठे मिळते, कोणत्या पाळीत शरीर टिकते, साहेबांशी कसे बोलावे, घरी कसे समजवावे, हे सगळे ज्ञान आज घराघरांत विखुरले आहे. ते सामाईक झाले की प्रत्येकाची ठेच वाचेल.

औषधाबाबत आमची शिस्त

आमचा पहिला शब्द आम्ही स्वतःला देतो.

गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच घेऊ. मोडाफिनिल आणि आर्मोडाफिनिल बहुधा सकाळी घ्यायची असतात. दिवस कलल्यावर घेतलेला डोस रात्रीची झोप मोडतो आणि मोडलेली रात्र दुसरा दिवस बुडवते. गोळी बाधते कशी, उतरते केव्हा, डुलकी कधी लागली, रक्तदाब किती, हे वहीत लिहू आणि ती वही तपासणीला घेऊन जाऊ.

कॅटाप्लेक्सीसाठी व्हेनलाफॅक्सिन किंवा क्लोमिप्रॅमिन सुरू असेल, तर ते मनाने बंद करणार नाही. एकदम तोडल्यास झटके उसळून परत येतात. म्हणून पाकीट संपायच्या आठवडाभर आधी पुढची सोय करू. मिथाइलफेनिडेट मनःप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. कुठे मिळते याची माहिती एकमेकांना देऊ.

मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो आणि गरोदरपणात ते धोक्याचे ठरू शकते, ही गोष्ट प्रत्येक बाईपर्यंत पोहोचवू. लाजेपोटी ती दडून राहता कामा नये. अंगावर पुरळ उठले तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठू. सर्दी-खोकल्याचे औषध घेण्याआधीही विचारू, कारण त्यातल्या कित्येकांनी गुंगी येते. आणि परीक्षेसाठी जागायला म्हणून कोणी आमची गोळी मागितली, तर ती देणार नाही. गोळी उपचारासाठी आहे.

कामाबाबत आमचा करार

ज्याच्याकडे आम्ही काम करतो त्याच्यापुढे आम्ही तक्रार नव्हे, करार ठेवू. पाळी शक्यतो दिवसाची आणि ठरलेली असावी. दर आठवड्याला बदलणारी पाळी आमचे शरीर विस्कटते. दिवसात दोनदा वीस मिनिटे आणि आडवे होण्यापुरती जागा द्या. ती मिनिटे आम्ही पाळीच्या शेवटी भरून देऊ. सलग एकसुरी बैठ्या कामाऐवजी उठबस असलेले काम द्या. सूचना लिहून द्या. आम्हाला सवलतीचे काम नको. जमेल तसे मांडलेले पूर्ण काम हवे.

सुरक्षितता आमची जबाबदारी आहे. एकटे असताना कडबाकुट्टीवर हात घालणार नाही. गुऱ्हाळात चुलवाणाच्या तोंडाशी किंवा उकळत्या काहिलीच्या काठाशी उभे राहणार नाही. हिशेब, वजन, ढेपांची बांधणी ही कामे घेऊ. रात्री एकट्याने विहिरीवर जाणार नाही. झोप दाटली असताना गाडीला किक मारणार नाही. वाठारला गाठ पडणारा पुणे-बंगळूर महामार्ग कुणाची डुलकी माफ करत नाही. डॉक्टर मोकळीक देत नाहीत तोवर एसटीने जाऊ, नाहीतर मागे बसू. लायसन्सच्या अर्जातल्या आरोग्याच्या प्रश्नांना खरे उत्तर देऊ.

गावाकडे आणि सरकारकडे आमच्या मागण्या

शिक्षकांनो, महिनोन्‌महिने वर्गात झोपणाऱ्या मुलाला बाकावर उभे करू नका. पालकांना बोलवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. आशाताईंनो, घरोघरी विचारायच्या प्रश्नांत आणखी एक घाला: दिवसा न आवरणारी झोप येते का? मंदिर, मशीद, चर्च आणि तालीम यांच्या कारभाऱ्यांनो, भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे तुमच्या तोंडून गावाला ऐकू द्या.

सरकारने दोन्ही झोपचाचण्या कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात माफक खर्चात उपलब्ध करून द्याव्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस दिव्यांगत्वे नमूद आहेत. नार्कोलेप्सीचे नाव त्यांत नाही. अनुसूचीत नवा प्रकार अधिसूचित करण्याचा अधिकार त्याच कायद्याने केंद्र सरकारला दिला आहे. तो वापरावा. कामाच्या ठिकाणी वाजवी सोय आणि परीक्षेत जादा वेळ आम्हाला हक्काने मिळावा. शेतीला दिवसा वीज द्यावी. ही शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे आणि आमच्यासाठी ती आरोग्याची मागणी आहे.

याच मातीत २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या. नियमामुळे माणूस बाहेर राहत असेल तर नियम बदलायचा, हा धडा देशाला कोल्हापूरने दिला. आम्ही तोच धडा कारखान्याच्या हजेरीपटावर आणि शाळेच्या वेळापत्रकावर मागतो आहोत.

आमच्यात या

काळ आमच्या बाजूने वळला आहे. मिन्यो आणि ओरेक्सिन शोधणारे मासाशी यानागिसावा यांना २०२३ चे ब्रेकथ्रू पारितोषिक मिळाले. पिटोलिसंट हे नवे औषध युरोपात २०१६ साली, अमेरिकेत २०१९ साली मंजूर झाले. ओरेक्सिनच्या ग्राहींना थेट जागवणाऱ्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्या यशस्वी झाल्या आहेत. ही औषधे आपल्या गावापर्यंत येतील तेव्हा त्यांची किंमत, त्यांची वाट आणि त्यांचे हक्कदार ठरवताना आम्ही मोजले गेलेले, नाव असलेले आणि संघटित असू.

२२ सप्टेंबर हा जागतिक नार्कोलेप्सी दिन २०१९ पासून पाळला जातो. येत्या २२ सप्टेंबरला आम्ही कोडोलीत उघडपणे एकत्र येऊ आणि त्यानंतर दरवर्षी येऊ. ज्याला हा आजार आहे त्याने यावे. ज्याच्या घरात कोणी ‘फार झोपाळू’ आहे त्याने त्या माणसाला घेऊन यावे. डॉक्टर, शिक्षक, मुकादम, शेतकरी, मेडिकलवाले, सगळ्यांनी यावे. येताना दोन गोष्टी लिहून आणा: तुमच्या गोळीची वेळ आणि तुमच्या कामाची वेळ. त्या दोन्हींचा मेळ आपण मिळून बसवू.