हुद्दा सुपरवायझरचा, काम कामगाराचे

अहिल्यानगर जिल्ह्यातील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की कारखाना तीन पाळ्यांत अखंड चालतो. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही, तर आधीच्या पाळीतल्याला गव्हाणीवरून हलता येत नाही. त्याला 'डबल ड्युटी' करावीच लागते. नागापूर आणि सुपे येथील औद्योगिक वसाहतींत माल वेळेवर पाठवण्याच्या घाईत पाळी लांबते. या जादा तासांचे पैसे कोणाला दुपटीने मिळायचे आणि कोणाला मुळीच नाही, हे अनेकदा एका शब्दावर ठरते. तो शब्द म्हणजे 'सुपरवायझर'.

१९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक काम केल्यास दुप्पट दराने वेतन देणे बंधनकारक होते. पर्यवेक्षक, व्यवस्थापक आणि गोपनीय कामावरील व्यक्तींना कामाच्या तासांच्या तरतुदींतून वगळण्याची मुभा राज्य सरकारला होती. मात्र या सवलतीला एक वेसणही होती. अशा व्यक्तीचे वेतन वेतन प्रदान अधिनियमातील मर्यादेच्या आत असेल, तर जादा कामाचा दुप्पट मोबदला तिलाही द्यावा लागे. ही मर्यादा २०१७ पासून दरमहा २४ हजार रुपये होती. थोडक्यात, कमी पगाराच्या माणसाला नुसते 'सुपरवायझर' म्हणून मालकाच्या पदरात फारसे काही पडत नव्हते.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि हे गणित बदलले. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने दुप्पट दर कायम ठेवला आणि जादा कामासाठी कामगाराची संमतीही आवश्यक केली. पण हा हक्क 'कामगारा'चा आहे. आणि दरमहा १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक या व्याख्येबाहेर राहतो.

१८ हजार वेतनाचा एक पर्यवेक्षक डोळ्यांसमोर आणा. महिन्याचे २६ दिवस आणि रोजचे आठ तास धरले, तर महिन्याकाठी ३६ तास जादा काम केल्यावर त्याला दुप्पट दराने सुमारे ६,२०० रुपये मिळतील. त्याचे वेतन शंभर रुपयांनी वाढवले की या संहितेखालील त्याचा तो हक्क संपतो. एवढी स्वस्त बढती दुसरी कोणती असेल!

त्यात वेतनाच्या नव्या व्याख्येची भर पडते. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनात धरला जातो. भविष्य निर्वाह निधीसाठी ही तरतूद कर्मचाऱ्याच्या हिताची आहे. परंतु तिच्यामुळेच एखादा पर्यवेक्षक कागदावर १८ हजारांची रेघ ओलांडू शकतो. हंगामी साखर कामगारांना बिगर हंगामात मिळणारा 'रिटेन्शन' भत्ताही या व्याख्येत वेतनातच मोजला जातो.

तरीही केवळ हुद्द्याने कोणी पर्यवेक्षक होत नाही. सिबा गायगी या कंपनीविरुद्ध मुंबईतील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुख्य व मूलभूत काम कोणते हीच कसोटी लावली होती. जोडीला सोपवलेल्या किरकोळ कामांनी माणसाची वर्गवारी बदलत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. म्हणून पाहायचे ते हे, की हा माणूस इतरांना काम वाटून देतो का, त्यांच्या कामाला तो जबाबदार आहे का, की दिवसभर यंत्रावर उभा राहून पाळी संपताना फक्त हजेरी लिहितो? शेवटच्या प्रकारातला माणूस कामगारच. मग त्याचे वेतन २५ हजार का असेना.

पाथर्डी-शेवगावचा ऊसतोड मजूर तर या वादाच्या आसपासही नाही. त्याची मजुरी टनावर, उचल मुकादमाकडून. तास मोजायचे कोणी?

दुसरीकडे, वेतन संहितेतील जादा कामाचे कलम 'कामगार' न म्हणता 'कर्मचारी' म्हणते, आणि कर्मचाऱ्याच्या व्याख्येत पर्यवेक्षकही येतात. किमान वेतनदर ठरवून दिलेल्या कर्मचाऱ्यांना त्यामुळे दुप्पट दर मागता येईल. दोन संहितांतील या शब्दभेदावरून खटले होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचा दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. तास वाढत असताना, ते कोणाचे मोजायचे याला साहजिकच महत्त्व येते.

वेतन संहितेनुसार थकीत मोबदल्याचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. पण जादा तास मुळात झाले की नाही, हा वाद पाळीच्या नोंदवहीवरच अडतो. ती वही कार्यालयाच्या कपाटात असते, आणि किल्ली कामगाराकडे नसते.