चाकांवरच्या घराची झाडलोट

परदेशीं मुलांकडे चार-सहा महिने जाऊन राहणें हें आपल्या कुटुंबांतून आतां नवलाचें उरलेलें नाहीं. त्यांतहि मोटारीच्या मागें चाकांवरचें लहानसें घर जोडून देशोदेशीं हिंडण्याची हौस अलीकडे मुलांना लागली आहे. त्या घरास तिकडे कॅरव्हॅन म्हणतात. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या पुतण्यानें आम्हां उभयतांस अशा घरांत बसवून पांच आठवडे जर्मनी व ऑस्ट्रिया हे देश दाखविले. किल्ले, सरोवरें व संग्रहालयें यांविषयीं पुस्तकें वाटेल तितकीं मिळतात. परंतु हें वाहन स्वच्छ कसें राखावें याची वाच्यता फारशी कोणी करीत नाहीं, आणि प्रवाशाची रोजची गांठ तर त्याच्याशींच असते. यास्तव या महिन्याचें पान आम्ही त्याच विषयास देत आहों.

प्रथम मोटार. आपल्याकडे रविवारीं सकाळीं दारांत बादली घेऊन गाडी धुण्याचा जो सोहळा होतो, तो जर्मनींत मनांतहि आणूं नये. तेथील बहुतेक गांवीं सार्वजनिक रस्त्यावर साबणानें गाडी धुण्यास मनाई आहे. मातीच्या अंगणांतहि ती आहेच. रस्त्याकडेच्या गटारांतील पावसाचें पाणी पुष्कळ ठिकाणीं शुद्ध न होतां सरळ ओढ्यास मिळतें, आणि गाडीवरून ओघळणाऱ्या पाण्यांत नुसती धूळ नसून तेल, साबण व ब्रेकांची झीज असते, हें त्याचें कारण. म्हणून गाड्या धुण्याचीं स्वतंत्र ठिकाणें केलेलीं असतात. यंत्रांत नाणें टाकलें कीं नळींतून जोराचें पाणी येतें. फरशीखालीं गाळ बसण्याचा हौद व तेल निराळें करणारी टाकी असते, आणि मगच तें पाणी पुढें जातें. रविवारीं हीं ठिकाणेंहि कित्येक प्रांतांत बंद असतात. पाणी भरपूर ओतलें कीं स्वच्छता झाली, अशी आपली समजूत. तें पाणी पुढें कोठें गेलें, ही त्यांची विचारणा. या दोहोंत दुसरी अधिक विवेकाची, असें आमचें स्पष्ट मत झालें.

कॅरव्हॅन धुणें याहून नाजूक. तिच्या खिडक्या कांचेच्या नसून बहुधा ॲक्रिलिकच्या असतात. कोरड्या फडक्यानें पुसल्यास त्यांवर ओरखडे उठतात आणि कांच पुसण्याच्या मद्यार्कयुक्त द्रवानें बारीक भेगा पडतात. भरपूर पाणी व मऊ फडकें एवढेंच त्यांस मानवतें. जोराची धार सांध्यांवर किंवा शीतपेटीच्या झरोक्यांवर धरूं नये, पाणी आंत शिरतें व भिंत आंतून कुजते. पावसानंतर छपरावरून काळे ओघळ उतरतात, ते आधीं छप्पर धुतल्यावांचून जात नाहींत. पुढच्या बाजूस चिकटलेले किडे खरवडूं नयेत. ओलें फडकें त्यांवर पाव तास ठेवावें, म्हणजे ते आपोआप सुटतात. सावलीच्या लोभानें पाइनवृक्षाखालीं मुक्काम केल्यास चिकाचे डाग पडतात, हें निराळेंच.

आंतील झाडलोट आपल्या बायकांस सांगावयास नको. वहाणा दाराबाहेर ठेवण्याची आपली चाल या घरास जणूं मापून केलेली आहे. फक्त मोरीचें पाणी गवतावर सोडावयाचें नसतें. घराखालीं चाकांची एक टाकी ठेवावयाची, व ती भरली कीं ओढीत नेऊन नेमल्या जागीं रिती करावयाची. फोडणीचें तेल व खरकटें आधीं कागदानें पुसून घ्यावें. नाहीं तर तिसऱ्या दिवशीं त्या टाकीचा वास साऱ्या तळास आमचें गोत्र सांगतो.

आतां ज्या गोष्टीविषयीं पाहुणे लाजेनें विचारीत नाहींत तिच्याकडे वळूं. या घरांत शौचकूपहि असतो. त्याच्याखालीं सतरा-अठरा लिटरांची एक पेटी बसविलेली असते. बाहेरच्या लहान दारांतून ती ओढून काढावी व हातांत धरून मुक्कामावरील नेमल्या कुंडांत रिती करावी लागते. हें काम पैसे देऊन करून घेण्याजोगा मनुष्य तेथें नसतो. आमच्या सौभाग्यवतींचे देव घरांतल्या घरांत चार हातांवर डब्यांत होते. पहिले दोन दिवस त्यांनीं नीट जेवणहि केलें नाहीं. मुक्कामावरील सार्वजनिक शौचगृहांत जावें, ही पेटी वापरूंच नये, असा तोडगा निघाला. तो दिवसा ठीक. परंतु मधुमेह असलेल्या माणसास रात्रीं तीनदा पावसांत पाठवणें हा तोडगा नव्हे.

आम्हीं त्यांस कै. अप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट सांगितली. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत त्यांनीं मैला साफ करण्याचें काम आपणांस द्यावें अशी मागणी केली. ती मान्य होईना, तेव्हां येरवड्याच्या तुरुंगांतून गांधीजींनीं त्यांच्या बाजूनें उपोषण आरंभिलें. परक्याच्या मैल्यासाठीं एक चित्पावन तुरुंगांत भांडला, आणि आपल्या पेटींत तर आपलाच आहे. पिढ्यान् पिढ्या आपण सोवळें पाळलें, तें दुसऱ्या कोणास तरी डोक्यावर पाटी देऊन, एवढेंहि आम्ही बोललों. त्यावर उत्तर मिळालें नाहीं.

कृति अशी. पेटी कांठोकांठ भरूं देऊं नये. भरली पेटी वीस किलोच्या आसपास जड होते. ओततांना हवेची कळ दाबून धरावी, म्हणजे शिंतोडे उडत नाहींत. तेथील धुण्याच्या नळावरच ती विसळावी. पिण्याच्या पाण्याचा नळ निराळा असतो व त्याजवळ पेटी नेणें हा तेथें मोठा अपराध. मग थोडें पाणी व नेमलेलें औषध आंत घालावें. पूर्वींच्या औषधांत फॉर्माल्डिहाइड असे. तें मैला शुद्ध करणाऱ्या जंतूंसच मारतें, म्हणून आतां त्यावांचूनचें औषध मागून घ्यावें. हातमोजे वेगळे ठेवावे व शेवटीं साबणानें हात धुवावे.

कुंडाजवळ सकाळीं रांग असते. हातांत पेटी धरलेलीं माणसें एकमेकांस सुप्रभात म्हणतात, हवेविषयीं बोलतात. आमच्यापुढें एक वृद्ध बाई होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनीं पेटी रिती केली, कुंडाचा कांठ पाण्यानें धुतला आणि आमच्यासाठीं नळ तसाच सुरू ठेवला. तिसऱ्या आठवड्यांत आम्हां तिघांच्या पाळ्या लागल्या. सौभाग्यवतींनीं आपली पाळी पूजेच्या आधीं, स्नानापूर्वींची मागून घेतली, आणि ती एकदांहि चुकविली नाहीं.