रफार आधी, अक्षर नंतर

मराठी टायपिंगच्या नव्या बॅचमधला विद्यार्थी अडखळतो तो बटणं सापडत नाहीत म्हणून, असं आपण शिक्षक धरून चालतो. म्हणून कीबोर्डचा तक्ता पाठ करायला देतो, बोटं कुठे ठेवायची ते दाखवतो आणि लगेच वेगामागे लागतो. बटणं सरावाने हाताखाली येतातच. खरी अडचण अक्षरांच्या क्रमाची आहे. हात ज्या क्रमाने लिहितो, त्या क्रमाने संगणक अक्षरं साठवत नाही, आणि ही गोष्ट नवशिक्याला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलीच नसते.

वसई तालुक्यातल्या कळंबचा विद्यार्थी घ्या. गावाचं नाव तो इनस्क्रिप्टवर सहज उमटवतो. के वर क, शिफ्ट धरून एन वर ळ, एक्स वर अनुस्वार, वाय वर ब. वहीतला क्रम आणि बोटांचा क्रम एकच. मग जवळच्या निर्मळची पाळी येते आणि सगळं बिनसतं. वहीत वेलांटीची दांडी न च्या आधी येते आणि रफार म च्या डोक्यावर शेवटी चढतो. संगणकाला मात्र आधी न, मग वेलांटी, मग र, त्याचा पाय मोडायला डी, आणि त्यानंतर म हवा असतो. म्हणजे आपण शब्द उच्चारतो तोच क्रम. टंकयंत्रावर हात बसलेल्यांना तर हे अधिक जड जातं, कारण तिथे ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची सवय असते. त्यांना मंद समजू नये. त्यांना आधीचं शिकलेलं मोडायचं असतं.

या क्रमामागे विचार आहे आणि तो वर्गात सांगायला हवा. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली इस्कीचं मानक प्रसिद्ध केलं, त्यात इनस्क्रिप्टची मांडणीही आहे. युनिकोडमधली देवनागरी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. उच्चाराचा क्रम पाळल्यामुळेच मराठीतला क ज्या बटणावर, त्याच बटणावर बंगाली आणि तमिळमधलाही क बसू शकला. कारण कळलं की विद्यार्थ्याला नियम लादल्यासारखा वाटत नाही.

हा लपलेला क्रम दाखवायला बॅकस्पेससारखं दुसरं साधन नाही. बहुतेक प्रोग्रॅममध्ये 'निर्मळ' टाइप करून एकेकदा बॅकस्पेस दाबत जा. ळ जातो, मग म जातो, आणि डोक्यावरचा रफार खाली उतरून पाय मोडलेला र होतो, 'निर्'. पुढच्या वेळी त्याचा पाय जुळतो, मग र जातो, मग वेलांटी. अर्धा तास भाषण करून जे समजत नाही ते इथे डोळ्यांसमोर घडतं. मी तर म्हणेन, चुका पुसण्याआधी बॅकस्पेस यासाठी शिकवावा.

आता मराठीचा खास खड्डा. 'नालासोपाऱ्यात' हा शब्द सरळ र, डी, य असा टाइप केला की 'नालासोपार्यात' उमटतं. इथे शिफ्टसह जे वरचा ऱ लागतो. ही चूक दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांत, कार्यालयीन पत्रांतही दिसते, आणि ती फक्त दिसण्यापुरती नाही. चुकीच्या र ने साठवलेला शब्द बरोबर र ने शोधला, तर साध्या शोधात तो सापडत नाही. हिंदीला या ऱ्य ची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदीसाठी केलेली सरावपुस्तकं इथे कामाला येत नाहीत. हा धडा आपल्यालाच तयार करावा लागेल.

तिशी-चाळिशीच्या वेगाची परीक्षा विद्यार्थ्यांच्या डोक्यावर असते, हे मान्य. तरीही पुढच्या बॅचला पहिल्या दिवशी परिच्छेद देऊ नका. त्यांच्या ओळखीची गावं द्या. कळंब, निर्मळ, अर्नाळा, मग 'किनाऱ्यावर' आणि 'नालासोपाऱ्यात'. प्रत्येक शब्द आधी तोंडाने फोडून म्हणायला लावा, मग बोटांनी. हे शब्द न अडखळता उमटू लागले, की घड्याळ लावा.